अकरा गोड होकार

धंदा सुरू करून तीन महिने झाले तेव्हा माझ्या वहीत अकरा ग्राहकांची नावं होती आणि त्यांतला एकही ग्राहक नव्हता. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत संक्रांत उजाडली. लखनौत सव्वीस वर्षं राहून आणि त्यांतली तेवीस तिथल्या माणसांबरोबर नोकरी करून जिला एवढं कळलं नाही, तिने धंदा कसा करावा यावर चार शब्द बोलू नयेत हेच बरं. मी बोलणारही नाही. काय काय झालं तेवढं सांगते.

आधी माझा धंदा कोणता ते सांगते, कारण लोकांना तो कळत नाही. मी बुककीपर आहे म्हटलं की समोरचा 'म्हणजे सीए' असं म्हणून मोकळा होतो. नाही हो. सीए वर्षातून एकदा येतो, चष्म्यावरून बघतो, सही करतो आणि जातो. त्याच्या पुढ्यात जे कागद जातात ते वर्षभर कोणीतरी रोजच्या रोज लावलेले असतात. कोणतं बिल कुठलं, बँकेत काय आलं, काय गेलं, जीएसटीला काय दाखवायचं, हे सगळं जागच्या जागी बसवणारी ती मी. डॉक्टर आणि रोज ताप बघणारी नर्स यांच्यात जेवढा फरक, तेवढा आमच्यात. दुकानदाराला मात्र वाटतं की गल्ल्यात हात घातला की आपला धंदा कसा चाललाय ते हाताला कळतं. त्या हातावर त्याचा फार विश्वास असतो.

मी औषधांच्या एका घाऊक कंपनीत अकाउंट्सला होते. कंपनीने लखनौचं ऑफिस बंद करून नोएडाला हलवलं आणि आम्हाला म्हणाले, चला. बावन्नाव्या वर्षी परक्या गावात एकटीने खोली घेऊन राहायचं माझ्या अगदी जिवावर आलं. मी राजीनामा दिला. त्याच वर्षी आमचे हे रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. रेल्वेचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही अलीगंजमध्ये भाड्याच्या घरात आलो. ह्यांच्या मते तो मुक्काम तात्पुरता होता, कारण नाशिकला आमचा फ्लॅट घेऊन ठेवलेला आहे आणि सगळं सासर तिथे वाटच बघत आहे.

वाट बघत आहे हीच तर माझी अडचण होती. लखनौत मी सरोदे मॅडम. बँकेत मॅनेजर उठून खुर्ची देतो. नाशिकला गेले की मी सरोद्यांची धाकटी सून, वय बावन्न, आणि पाहुण्यांना पोहे कोणी करायचे यावर तीन जावांमध्ये बैठक. माझ्या जावा वाईट आहेत असं नाही. पण मला कामाशिवाय राहता येत नाही, आणि मला लखनौ सोडायचं नव्हतं. हे मी ह्यांना स्पष्ट सांगितलं.

दसऱ्याच्या दिवशी आमचा करार झाला. घरभाड्याची मुदत मार्चअखेर संपत होती. गुढीपाडव्यापर्यंत मी पाच ग्राहक मिळवायचे. मिळाले तर लखनौ. नाही मिळाले तर त्याच दिवशी घरमालकांना नोटीस आणि सामान नाशिकला. हे इंजिनिअर असल्यामुळे ग्राहक म्हणजे काय याची व्याख्यासुद्धा ठरली: ज्याने कागद हातात दिले आणि एका महिन्याची फी दिली, तो ग्राहक. बाकी सगळे ओळखीचे. मी हो म्हटलं. पाच म्हणजे काय, मला वाटलं दिवाळीपर्यंतच उरकेल.

मग मी निघाले. स्कूटर ह्यांची, मागे मी, मांडीवर पिशवी, पिशवीत कार्डं. मी आत जायचं आणि ह्यांनी बाहेर स्कूटरवर बसून पेपर वाचायचा. पहिलीच भेट चष्म्याच्या दुकानातली. मालक साठीचे, पांढरे केस, बोलणं असं की ऐकत राहावं. मी काय करते ते सांगितलं तसे ते हात जोडून उभेच राहिले. म्हणाले, भाभीजी, तुम्ही आलात हे आमचं भाग्य, दुकान तुमचंच आहे, काम झालंच समजा. मग चहा आला. चहाबरोबर मठरी आली, खारे काजू आले. काजू संपल्यावर त्यांनी माझे डोळे तपासले, फुकट, आणि नंबर वाढला नाही म्हणून माझं अभिनंदन केलं. मी बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, लिहा एक.

त्यानंतर असं रोजच होऊ लागलं. मेडिकलवाले, साडीवाले, मिठाईवाले, गोमती नगरचे जिमवाले. सगळीकडे बिल्कुल, सगळीकडे चहा. साडीवाल्यांनी तर मला दारापर्यंत सोडायला येऊन ह्यांनाही स्कूटरवर चहा दिला. मी घरी येऊन वहीत नाव लिहायची, पुढे टिपण करायची: अत्यंत उत्सुक. डिसेंबरअखेर अकरा अत्यंत उत्सुक झाले. आमचा मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "आई, इतने क्लाइंट हैं तो कोई असिस्टंट रख लो यार." त्याला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं. मी त्याला म्हटलं, बघू, जानेवारीत विचार करते.

वाईट अनुभवही आले, नाही असं नाही. चार जणांनी माझा अपमान केला, असं तेव्हा मला वाटलं. पहिली एक ब्यूटी पार्लरवाली. अगदी लहान दुकान, दोन खुर्च्या. ती म्हणाली, भाभी, दोनशे कमी करा. मी म्हटलं, भाव एकच. ती पुन्हा म्हणाली, तर मी पर्स उचलून निघाले. दुसरा रंगवाला. तो म्हणाला, एवढ्यात मी मुनीम ठेवीन आणि तो माझी दुकानाची फरशीही पुसेल. तिसरा गोमती नगरातला बेकरीवाला, ज्याने तोंडही न दाखवता आतूनच अर्ध्या फीत करा म्हणून ओरडून सांगितलं, चौथा चारबागेतला एक हॉटेलवाला, ज्याने पाण्यालाही न विचारता मला चाळीस प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, बहुत महँगी हैं आप. हे चौघे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते, लाल शाईने, 'पुन्हा जाऊ नये' या मथळ्याखाली.

जानेवारी उजाडला आणि ह्यांनी वही मागितली. ह्यांची वही बघायची पद्धत रुळांची तपासणी करावी तशी, पायी आणि संपूर्ण. प्रत्येक नावावर बोट ठेवून विचारलं, कागद दिले? नाही. फी? नाही. दुसरा? तो कल से म्हणालाय. कधीचा कल? नोव्हेंबरचा. अकराव्या नावापर्यंत जाऊन ह्यांनी पेन्सिलने खाली लिहिलं, शून्य, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला इतका राग आला की मी त्या दिवशी भाजीत मीठच घातलं नाही. पण मनातून घाबरले होते. पाडवा अडीच महिन्यांवर होता आणि नाशिकहून जाऊबाईंचा फोन आला होता की पडदे कोणत्या रंगाचे लावू.

तेव्हा मला हळदीकुंकवाची कल्पना सुचली. आमचा पाच-सहा मराठी बायकांचा गट दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू करतो. यंदा मी ठरवलं, दुकानदारांच्या बायकांना बोलवायचं. आणि वाण म्हणून स्टीलच्या वाट्या न देता फाइल द्यायची. चांगली जाड बॉक्सफाइल, वर माझ्या नावाचं आणि फोनचं लेबल. हे म्हणाले, "अगं, सवाष्णीला कोणी फाइल देतं का?" मी म्हटलं, वाण नेहमी उपयोगी वस्तूचं द्यावं. ह्यांनी हात टेकले आणि तीस फाइली स्कूटरवर लादून आणल्या.

बायका आल्या, चांगल्या पंचवीस-तीस. लखनौत कोणी बोलावलं तर कशाला बोलावलं हे न विचारता नटूनथटून येतात. मी हळद-कुंकू लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, हलवा दिला, ओटी भरली आणि शेवटी प्रत्येकीच्या हातात फाइल ठेवली. बायका फाइली उलट्यासुलट्या करून बघू लागल्या. मिठाईवाल्यांच्या बायकोने विचारलं, दीदी, कितने की कमेटी है? म्हणजे भिशी. तिला वाटलं मी भिशी सुरू केली आहे, आणि ओटीतले तांदूळ हा पहिला हप्ता. मी नाही म्हटल्यावर दुसरीने ठरवलं की हे मुलींच्या लग्नासाठी बायोडाटा ठेवायला आहे, आणि तिसरीने तिथेच आपल्या भाचीचं वय आणि उंची सांगितली. मी प्रत्येकीला समजावत होते की यात दुकानाची बिलं ठेवायची आहेत. त्या सगळ्या जी, बिल्कुल म्हणत होत्या. तो बिल्कुल आता माझ्या कानात टोचायला लागला होता.

सगळ्या गेल्या. एकटी राजरानी भाभी मागे राहिली. मागच्या गल्लीत तिच्या नवऱ्याचं, छेदीलाल मास्टरांचं, लग्नाच्या बँडचं गोदाम आहे. ती फाइल उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघत होती. म्हणाली, आमच्याकडे बिलं ढोलात असतात. मला वाटलं काहीतरी म्हणण्याची पद्धत असेल. नव्हती. एक फाटका ढोल होता आणि बिलं खरंच त्याच्यात होती. मग तिने विचारलं, दीदी, काम कसं चाललंय? आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगितलं. अकरा उत्सुक, शून्य, दोन रेघा, नाशिकचे पडदे. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं.

ती हसली नाही. तिने मला एवढंच विचारलं की त्या अकरा जणांपैकी फी कमी करा असं कोण म्हणालं. मी अभिमानाने सांगितलं की एकही नाही, सगळे सभ्य होते. तेव्हा राजरानी भाभीने कपाळावर हात मारला.

"दीदी, जो चाय पिलाए उसको जाने दीजिए," ती म्हणाली. "जो लड़े, उसके पास बैठिए. जिसे काम देना ही नहीं, वो पैसे पर क्यों लड़ेगा?"

मग कुठे माझा हिशेब लागला. इथे माणसाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या घरावर दगड मारण्यासारखं. म्हणून नकार द्यायचा तर तो चहातून देतात. साधा चहा असेल तर थोडा नकार, बिस्किटं असतील तर जास्त, आणि काजू आले की समजावं, या जन्मात काही होणार नाही. ज्याला तुमची गरज आहे तो मात्र आधी भांडणार. आणि मी जळगावची, एकच भाव सांगणारी, कोणी घासाघीस केली की माझा पापड मोडतो. जिथे बसायला हवं होतं तिथून मी पर्स उचलून निघाले होते, आणि जिथून निघायला हवं होतं तिथे डोळे तपासून घेत बसले होते. माझे सगळे खरे ग्राहक शेवटच्या पानावर लाल शाईत होते.

मी तिला म्हटलं, मग तू का नाही भांडत? ती म्हणाली, आपने रेट बताया ही कहाँ है. मी सांगितला. तशी तिने पदर खोचला, मांडी घातली आणि जी सुरुवात केली, पाऊण तास. मध्ये ती दोनदा रागावून दारापर्यंत गेली आणि दोनदा मीच तिला परत बसवलं. शेवटी शंभर रुपये कमी आणि वर माझ्या घरच्या कोणाच्याही लग्नात बँड फुकट, यावर सौदा पटला. दुसऱ्या दिवशी तिने ढोल आणून माझ्या दिवाणखान्यात उलटा केला. बिलं निघाली, पावत्या निघाल्या, एक कुंडली, खरजेचं मलम, आणि एका नवरदेवाचं बँडला लिहिलेलं पत्र, की वरात मुलीच्या घरापाशी पोचल्यावर आवाज कमी ठेवा, सासरे हृदयाचे रोगी आहेत. ह्यांनी कागद बघितले, फी बघितली आणि वहीत लिहिलं, एक.

मग मी लाल शाईचं पान काढलं. आधी पार्लरवालीकडे गेले, कारण तिच्याशी मी सगळ्यात वाईट वागले होते. दुकानाचं शटर बंद होतं आणि वर 'किराए के लिए' लिहिलेलं. शेजारचा म्हणाला, कर्ज हवं होतं तिला, कागद नीट नव्हते म्हणून बँकेने दिलं नाही. ते कागद मी आठवड्यात नीट करून दिले असते. दोनशे रुपयांसाठी मी पर्स उचलली होती. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

रंगवाल्याकडे गेले ते मग ठरवूनच. तो म्हणाला, फिर आ गईं? मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, फरशी पुसणारा मुनीम ठेवलात ना, मग जीएसटीची नोटीस आली तेव्हा त्याने फरशी त्या नोटिशीनेच पुसली का? नोटीस आलीय हे मला बाहेरच्या पानवाल्याने सांगितलं होतं. रंगवाल्याचा चेहरा त्याच्याच डब्यांसारखा एकेक रंग दाखवू लागला. आम्ही सव्वा तास भांडलो. त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या नाहीत एवढंच. गिऱ्हाईकं येऊन उभी राहून ऐकत होती आणि एक जण मध्येच म्हणाला, मॅडम बरोबर बोलतायत. पाण्याचा घोट मिळाला नाही. निघाले तेव्हा त्याचे तीन वर्षांचे कागद माझ्या पिशवीत होते. स्कूटरवर मागे बसून मी घरापर्यंत ह्यांना ते भांडण संवादांसह ऐकवलं, दोन सिग्नलवर तर हातवारे करून.

बेकरीत जरा जास्तच झालं. भांडायची आता मला चटक लागली होती. काउंटरजवळ एक गृहस्थ उभे होते, मी नमस्कार करून सुरुवात केली. ते फीवर अडून बसले, मी अडून बसले, त्यांनी वर्षाचे बारा महिने म्हणजे दहाच धरा म्हटलं, मी अकरावर आणलं. अर्ध्या तासाने ठरलं. मी म्हटलं, चला, बिलं द्या. ते म्हणाले, कौन-से बिल, मैं तो केक लेने आया हूँ. मालक आत क्रीम लावत होता आणि सगळं ऐकत होता. त्या गृहस्थांना मी विचारलं की अहो, मग तुम्ही एवढं भांडलात कशाला? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, आप रेट ज़्यादा बोल रही थीं. मालक हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, भाईसाहब ने जो तय किया, वही मंज़ूर. त्या गृहस्थांना त्याने केकवर काही सूट दिली की नाही, मला ठाऊक नाही. द्यायला हवी होती.

चारबागेच्या हॉटेलवाल्याने पुन्हा चाळीस प्रश्न विचारले. या वेळी मी सगळ्यांची उत्तरं दिली आणि मग त्यालाच एक्केचाळिसावा विचारला, की तुमच्या रजिस्टरमध्ये रोज रात्री खोली नंबर सातमध्ये कोणीच कसं राहत नाही? काउंटरवर उघडं पडलेलं रजिस्टर त्याने पटकन मिटलं. सातमध्ये त्याचे मेहुणे राहत होते, दोन वर्षं, फुकट. बायकोला सांगू नका म्हणाला आणि कागद दिले. तो चौथा. तेव्हा फेब्रुवारीचा शेवट होता.

या सगळ्यात आमचे हे कुठे होते, तर बँडच्या गोदामात. संक्रांतीनंतर तिकडे लग्नांचा हंगाम सुरू होतो. पहिल्याच आठवड्यात मास्टरांचा जनरेटर बिघडला आणि राजरानी भाभी ह्यांना बोलवायला आली. हे पाच मिनिटांसाठी म्हणून गेले ते संध्याकाळी ग्रीसने माखून परत आले, आणि जेवताना मला तासभर लोड बॅलन्स समजावत बसले. मग रोजच जाऊ लागले. डोक्यावर धरायची दिव्यांची झाडं असतात ना वरातीत, त्या सगळ्यांची ह्यांनी वायरिंग बदलली. एकदा मी अलीगंजच्या मोठ्या रस्त्यावर भाजी घेत होते. वरात आली. बँड, घोडी, नाचणारे, आणि सगळ्यांत शेवटी जनरेटरच्या गाड्यामागे लाल कोट, सोनेरी दोऱ्या आणि पिसाची टोपी घालून अत्यंत गंभीर चेहऱ्याने चालणारे रेल्वेचे निवृत्त इंजिनिअर सरोदे. जनरेटरवाला आजारी पडला होता म्हणे. आणि कोट? कोट नसेल तर ओळीत चालू देत नाहीत, मास्टरांची शिस्त आहे. भाजीवाला भैया मला म्हणाला, भाभीजी, साहब जँच रहे हैं. मी म्हटलं, हो, शोभतायत, आणि कोथिंबीर-मिरची घेऊन दुसऱ्या रस्त्याने घरी गेले.

मार्च आला. पाचवा काही मिळेना. होळी झाली. आता दुकानदार वर्षअखेरीच्या गडबडीत, भांडायलाही कोणाला वेळ नाही. मी रोज दोन-तीन दुकानं करत होते आणि रोज चहा मिळत होता. चहाचा कप दिसला की मी पर्स उचलायची. ह्यांचं काम ठरलेलं. फक्त रोज वही बघायची, चार, आणि मिटायची. मी स्वतःला बजावलं होतं की जे ठरलं ते ठरलं. ज्या बाईने तेवीस वर्षं एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, तिने पाचाच्या जागी चार असताना रडायचं नाही.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली. हे प्रसाद खाऊन गोदामात गेले. हंगाम संपला होता, दिव्यांची दुरुस्ती चालू होती. मी नोटीस लिहिली, साधी, चार ओळींची. ताटलीत श्रीखंड-पुरी घेतली आणि खाली घरमालक श्रीवास्तवजींकडे गेले. जिना उतरताना मला लखनौ सोडायचं आहे हे पहिल्यांदा खरं वाटलं. श्रीवास्तवजींनी नोटीस वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग त्यांनी चहा मागवला.

मी म्हटलं, चहा नको, जे आहे ते सांगा.

ते फार अवघडले. शेवटी म्हणाले, "भाभीजी, साहब तो जनवरी में ही तीन साल का एग्रीमेंट कर गए हैं. मिठाई भी खिलाई थी. हमसे कहा था, आपको न बताएँ."

मी तशीच, पायात घरातल्या चपला, मागच्या गल्लीत गेले. गोदामात हे स्टुलावर बसून एका झाडाच्या दिव्यांत बल्ब फिरवत होते. बाजूला छेदीलाल मास्टर ट्रम्पेट पुसत होते. माझा चेहरा बघून मास्टर ट्रम्पेट घेऊन बाहेर गेले.

"जानेवारीत?" मी विचारलं.

ह्यांनी बल्ब खाली ठेवला. "तू रंगवाल्याशी भांडून आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"तेव्हा माझे दोन होते. फक्त दोन. आणि तुम्ही रोज वही तपासत होतात."

"ऑफिस बंद झाल्यापासून तू अर्धी पोळी खात होतीस," हे म्हणाले. "भांडून आलीस त्या दिवशी चार खाल्ल्यास आणि भात मागितलास. मग मी नाशिकला नेऊन काय करू तुला? तिथे कोण भांडणार तुझ्याशी एवढं?"

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. म्हटलं, दोन महिने माझा जीव टांगणीला लावलात, जाऊबाईंना पडद्यांचा रंग कळवला मी, मोतिया. सांगितलं का नाही? तर म्हणाले, सांगितलं असतं तर तू दोनावर थांबली असतीस. हेही पुन्हा खरंच. मी म्हटलं, आणि तुम्हाला नाही का जायचं, तुमचं घर, तुमचे भाऊ? ह्यांनी दिव्यांच्या झाडाकडे बघितलं आणि म्हणाले की एप्रिलच्या मध्यात लग्नं पुन्हा सुरू होतात, मास्टरांकडे दुसरं कोणी नाही. एवढं बोलून बल्ब फिरवायला लागले. मी तिथेच ढोलावर बसले, पदराने डोळे पुसले आणि जाऊबाईंना फोन लावून पडदे राहू द्या म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ह्यांना नोकरी लागली आहे.

नोटीस श्रीवास्तवजींनी परत दिली, श्रीखंड ठेवून घेतलं. पाचवा ग्राहक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला, उन्हं तापल्यावर. एक कुल्फीवाला, दीड तास भांडला, घामाघूम झाला, पण एक कुल्फी म्हणून दिली नाही. तो आला हे मी ह्यांना दोन महिने सांगितलं नाही.